आईंचा एक्स-रे

आमच्या सासूबाईंना मी कित्येक वर्षांत एकदाही खोकताना पाहिलं नव्हतं. खोकला त्यांना यायचा, नाही असं नाही. पण घशात जरा खवखवलं की त्या हातातलं काम टाकून बाथरूममध्ये जात, दार लावून घेत आणि नळ मोठा सोडत. बाहेर येताना रुमालाची घडी कमरेला खोचलेली असे. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटे, केवढा हा शिष्टपणा. माझ्या माहेरची माणसं खोकून घर डोक्यावर घेतात.

शिष्टपणा तेवढ्यावर थांबत नव्हता. आईंचा कप वेगळा, ताटली वेगळी, आणि ती दोन्ही त्या स्वतःच घासणार. कुणाच्या ताटातला घास घेणार नाहीत, आपल्या ताटातला देणार नाहीत. माझ्या मुलीचा, रेवाचा, त्यांनी कधी पापा घेतला नाही. तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायच्या आणि बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडायच्या. ‘माय आजी डझन्ट डू किसेस,’ असं रेवा मैत्रिणींना सांगे. मी हसून म्हणे, साताऱ्याचं सोवळं आहे ते, शारजाच्या उन्हातही वितळत नाही.

आम्ही शारजात राहतो, अल मजाजला, तळ्याकाठच्या एका टॉवरमध्ये. माझा नवरा अविनाश आईंचा एकुलता एक. माझे सासरे गेल्यावर त्याने धोशा लावला, ‘आई, तू आता इकडेच ये. तुझा रेसिडेन्स व्हिसा करून टाकतो.’ आईंचं उत्तर ठरलेलं. ‘मी आपली व्हिजिटवरच बरी. पाहुणी म्हणून आलं की मान राहतो.’ मग दोन महिने राहायच्या, परत जायच्या, पुन्हा यायच्या. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला मेतकुटाचे डबे आणि विमानतळावर अविचा पडलेला चेहरा. शेवटी साताऱ्याच्या घरमालकाला जागा परत हवी झाली आणि अविला आयतं कारण मिळालं. मीही त्याच्या बाजूने जोर लावला. भांडी वाटून टाकली, कपाट विकलं, किल्ली दिली. आई दोन बॅगा घेऊन आल्या, आणि या वेळी त्यांच्याकडे नाही म्हणायला जागाच उरली नव्हती.

इथे त्यांना मनापासून आवडलेली एकच जागा होती आणि ती कुणाला सांगून खरी वाटली नसती. आमच्या बिल्डिंगच्या खाली एक छोटं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. रेवाच्या हट्टापायी त्यांना पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा त्या चमचाभर बीन्स तोंडात घोळवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा तर आमचा वाघ्या घेवडा. कोणी घोटला एवढा?’ त्यांचं माहेर कोरेगावचं, घेवड्याच्या मुलखातलं. तेव्हापासून तिथल्या दीपक नावाच्या नेपाळी वेटरशी त्यांचं गूळपीठ जमलं. ‘भैया, वो घेवडा लाव, और मक्के की भाकरी गरम लाव,’ असं म्हटलं की तो ‘जी आमा’ म्हणून न विचारता सगळं आणायचा. टॉर्टिया कशी भाजली पाहिजे हेही त्यांनी त्याला हातवारे करून शिकवलं होतं.

रेसिडेन्स व्हिसा हवा तर इथे रक्त द्यावं लागतं आणि छातीचा एक्स-रे काढावा लागतो. व्हिजिटला यातलं काही लागत नाही. बुधवारी सकाळी मी रजा टाकून आईंना घेऊन गेले. एक्स-रेच्या खोलीतून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात गार पडले होते. एसीने असेल, असं मला वाटलं आणि मी त्यांच्या अंगावर माझी ओढणी टाकली.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजताच अविने सगळ्यांना खाली नेलं. रिपोर्टचा मेसेज त्याच संध्याकाळी यायचा होता आणि याला आधीच आनंद साजरा करायचा होता. त्याने फोन टेबलाच्या मधोमध, साल्साच्या वाटीजवळ ठेवला. ‘मेसेज आला की खलास. आई शारजाची रहिवासी.’ आईंना त्याने भिंतीकडच्या आतल्या जागेवर बसवलं, आराम वाटावा म्हणून.

फोन वाजला. अविने झडप घातली. रेवाच्या शाळेचा ग्रुप होता. पुन्हा वाजला, बँकेची ऑफर. प्रत्येक वेळी आईंचा घास तोंडापाशी थांबत होता. बीन्स आले तरी त्या नुसत्या चमचा फिरवत बसल्या. दीपक दोनदा विचारून गेला, ‘आमा, आज ठीक नहीं बना क्या?’ त्या म्हणाल्या, ‘चांगला है, भैया.’

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर फहिता आला, तापलेल्या लोखंडी तव्यावर चुरचुरत, मिरची-कांद्याचा धूर सोडत. आम्ही सगळेच ठसकलो. आईंनी उठायची धडपड केली, पण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला रेवा. त्या रुमाल तोंडावर धरून खोकल्या, चांगल्या जोरात, आमच्यादेखत. अवि हसला. ‘आई, तुला मिरचीचा ठसका? सातारकरांना सांगतो थांब.’ आईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी मांडीवर रुमाल हळूच उलगडला, आत निरखून पाहिलं आणि पटकन मिटला.

रुमालात काय पाहत असतील, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. मी म्हटलं, ‘आई, चला, हात धुऊन येऊ.’

बेसिनपाशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सवयीने नळ सोडला.

‘मेधा, त्या फोटोत जुनं दिसतं का गं?’

‘जुनं म्हणजे किती जुनं?’

‘पन्नास वर्षांपूर्वीचं.’

लग्नाआधी त्या आठ महिने मिरजेकडच्या एका सॅनेटोरियममध्ये होत्या. घरी सगळ्यांना सांगितलं, मामाकडे टायपिंग शिकायला गेली आहे. बऱ्या होऊन आल्यावर वडिलांनी देवासमोर बसवून बजावलं, हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, मागे दोन बहिणी उजवायच्या आहेत. तो शब्द त्यांनी नळाच्या आवाजातही उच्चारला नाही. ‘छातीचं झालं होतं,’ एवढंच म्हणाल्या. ‘ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. अविला नको सांगूस. त्याच्या नोकरीच्या फायलीला माझ्यामुळे बट्टा लागेल.’

मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एचआरला आहे. मेडिकलच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून जातात. फायलीला बट्टा लागत नाही हे मला माहीत होतं. छातीवर डाग निघालेल्या नव्या माणसांचं काय होतं हेही मला माहीत होतं, कारण त्यांची परतीची तिकिटं मीच काढत होते. आणि तरी मी आईंना म्हणाले, ‘काही दिसत नाही हो इतकं जुनं.’ हे खोटं मी इतक्या सहज बोलले की आजही त्याची लाज वाटते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

आम्ही परत येऊन बसतोय तोच फोन वाजला. या वेळी तोच मेसेज होता. अविने मोठ्याने वाचला. पुढील तपासणीसाठी सेंटरवर पुन्हा यावे. त्याने खांदे उडवले. ‘काही नाही, फोटो खराब आला असेल. हललीस ना तू? यल्ला, चल, रविवारी पुन्हा काढू.’ आणि तो ग्वाकामोलेची, त्या अव्होकॅडोच्या चटणीची, वाटी पुसून खायला लागला.

आईंनी मान डोलावली असती तर निदान रविवारपर्यंत सगळं झाकलं गेलं असतं. मीही गप्प बसणार होते, तसं कबूल केल्यासारखंच होतं. आईंनी चमचा खाली ठेवला.

‘अवि, मी हलले नव्हते.’

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या शब्दासकट. आवाज एवढा लहान की अविला पुढे वाकावं लागलं. अविने हातातली वाटी खाली ठेवली, मग म्हणाला, ‘म्हणून तू मला कधी कुशीत घेऊन झोपली नाहीस?’

‘डॉक्टर म्हणाले होते, आता कुणाला काही होणार नाही,’ आई म्हणाल्या. ‘पण मला धीर नाही झाला रे.’

रेवाला निम्मंच कळलं होतं. ती म्हणाली, ‘बट यू आर ओके नाऊ, राइट आजी?’

‘हो गं. कधीच बरी झाले.’

रडायला मला बाथरूममध्ये जावं लागलं. घराण्याची रीत मीही उचलली होती.

पुढे थुंकीच्या तीन तपासण्या झाल्या, तिन्ही स्वच्छ निघाल्या. आजार आता नव्हताच. पण डाग होता, आणि नव्या रेसिडेन्सला तो चालला नाही. अवि महिनाभर या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरला आणि प्रत्येक ठिकाणी गोड शब्दांत इन्शाल्ला ऐकून आला. शेवटी नकार आला तो असा, की व्हिजिटचा रस्ताही त्याबरोबर बंद झाला. आम्ही हट्ट केला नसता तर आई दोन-दोन महिने येत राहिल्या असत्या. त्यांचं साताऱ्याचं घरही आम्हीच मोडलं होतं. आता त्या कोरेगावला माहेरी, त्यांच्या वहिनींच्या घरी एका खोलीत राहणार होत्या. विमानतळावर अवि त्यांच्या बॅगांचे पट्टे पुन्हापुन्हा आवळत राहिला. आईच म्हणाल्या, ‘तुमचं काही चुकलं नाही. मी वेळेवर बोलायला हवं होतं.’

चार महिन्यांनी आमच्या कंपनीत एका नव्या गवंड्याचा रिपोर्ट तसाच आला. मी त्याला बोलावलं तर तो खुर्चीवर बसेना. हात जोडून एकच म्हणत राहिला, ‘मॅडम, घर में मत बताना. शादी होनेवाली है.’ त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी आईंना हे सांगितलं.

‘त्याला सांग, माझ्या सासूलाही हे झालं होतं. औषध घेतलं, संसार केला, सत्तरी ओलांडली म्हणावं.’

‘सांगते. तुमचं नाव नाही घेणार.’

‘का? नाव घेऊन सांग. नाव नसलं की माणसाला खोटं वाटतं.’

गवंडी आपल्या गावी परतला, पण त्यानंतर त्या दर फोनला त्याची चौकशी करायच्या. औषधं सुरू केली का, लग्न ठरलेलं मोडलं तर नाही ना. त्याचं लग्न झालं तेव्हा त्यांनी मला त्याच्या बायकोचं नावसुद्धा विचारायला लावलं. गेल्या वर्षी, कोरेगावलाच, त्या झोपेत गेल्या. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

असा रिपोर्ट अजूनही दोन-तीन महिन्यांतून एखादा येतो. माणूस समोर उभा राहतो, घाबरून पांढरा पडलेला. मी आधी दार लावते, त्याला बसवते, पाणी देते. कागद पुढे करण्याआधी सांगते, ‘मेरी सास को भी यही टीबी हुआ था. अच्छी हो गई थीं. उनका नाम था कुसुम दत्तात्रय चाफळकर.’