विहिरीनंतरचं घर

चर्चची यादी माझ्याकडे आली ती अक्षरामुळे. मी होड्यांवर नावं रंगवतो. रेवदंड्याच्या खाडीतल्या निम्म्या होड्या माझ्या हाताखालून गेल्यात. आमच्या कमिटीत मला बाकी कुठल्या विषयावर कुणी काही विचारत नाही, पण काही लिहायचं निघालं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात.

ही यादी ऑक्टोबरची. त्या महिन्यात मारियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एकेका घरी एक दिवस मुक्काम. संध्याकाळी वाडी जमते, मूर्ती या घरातून उचलते आणि गाणी म्हणत पुढच्या घरी नेते. तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, मग त्या घरचे उकडलेले चणे आणि चहा. आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं अठ्ठावीस. उरलेले तीन दिवस माऊली चर्चमध्ये विश्रांती घेते. त्या वर्षी तिला चार दिवस विश्रांती मिळाली.

राहिलेलं घर विहिरीनंतरचं होतं. तिथे मावशी राहते. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या वाडीचीच. सुके बोंबील विकते. बाजारात ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झालाय की माईक बंद पडला तरी आमच्या चर्चमध्ये कुणी घाबरत नाही. मिरवणुकीत गाणं ती उचलते, आम्ही मागून ओढतो. वादळात चर्चचे पत्रे उडाले तेव्हा ही मूर्ती चार महिने मावशीच्याच घरी होती, बोंबलाच्या टोपल्यांच्या वरच्या फळीवर. तेव्हा कुणाला काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते पुढे तीन वर्षांनी. मावशीच्या मुलीने कोळीवाड्यातल्या एका रिक्षावाल्याशी कोर्टात लग्न केलं. मुलगा हिंदू. पोरगी सुखात होती, दर गुरुवारी आईकडे येत होती, येताना मासे आणत होती. एवढं सुख वाडीला झेपलं नाही.

मी यादी लिहायला बसलो होतो तेव्हा काका दुकानात आले. काका म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी एका डब्यातला रंग बोटाने तपासला, दुसऱ्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "विहिरीकडचं जरा बघ हां. लोक बोलतात."

"काय बघू?"

"आता तुला काय सांगायचं," काका म्हणाले आणि उठून गेले. त्यांच्या पँटीला मागे निळा रंग लागला होता. मी तेही सांगितलं नाही.

'काढ' असं ते म्हणाले नाहीत. 'काढतो' असं मी म्हणालो नाही. मी फक्त विहिरीपर्यंत लिहिलं आणि पुढचं नाव लिहिताना हात आपोआप एक घर पुढे गेला. हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगू शकलो असतो. पण खरं सांगतो, मी पेन दोनदा टेकवलं आणि दोनदा उचललं. काकांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, एवढंच.

यादीचा फोटो ग्रुपवर टाकला. चौतीस जणांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, अक्षर छान.

मावशीकडे साधा फोन. तिला यादीची गरजही नव्हती. तिच्या सासूच्या काळापासून विहिरीनंतर तिचंच घर. आपल्याकडे माऊली यायची असली की आपण मिरवणुकीत जायचं नसतं, दारात थांबायचं असतं. म्हणून ती दारात थांबली. अंगणात सारवण, उंबरठ्यावर मेणबत्ती, आत दोन किलो चणे. विहिरीपाशी मिरवणूक वळली आणि मी यादी हातात घेऊन सगळ्यात पुढे होतो.

तिने मला बघितलं. पदर नीट केला आणि हात पुढे केले, मूर्ती घ्यायला. मी मान खाली घालून यादी वाचायला लागलो. यादी मला पाठ होती. मागे गाणं चाललं होतं, मावशीशिवाय, म्हणजे नुसतं रडगाणं. कुणाचीही पावलं थांबली नाहीत. आम्ही पुढे गेलो. तिला वाटलं असणार की आम्ही वळसा घालून येतोय, कारण रोझरी संपवून मी परत आलो तेव्हाही दार उघडं होतं आणि मेणबत्ती बुडापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरचे सगळे खलाशी चणे खात होते. वर ओलं खोबरं घातलेलं. एकाने मलाही मूठभर दिले. "मावशीने वाटले," तो म्हणाला. "तुमचा काय सण हाय काय?"

मी चणे खिशात टाकले.

रविवारी मावशी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला आली, नेहमीच्या बाकावर बसली. गाण्याची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने गळ्याला हात लावला. "घसा बसलाय," ती म्हणाली. खणखणीत, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी खडीसाखर नेली. ती तिने घेतली, आभार मानले, तोंडात टाकली आणि म्हणाली, "बसलाय रे." नाताळ तसाच गेला. गाणी आम्ही मोबाईलवर लावली. पाळण्यातल्या बाळाचं गाणं चालू असताना मध्येच टायरची जाहिरात लागली.

मग कमिटी बसली. विषय होता, यादीत त्रुटी राहू नयेत म्हणून उपाय. ठरलं की यादी दोघांनी तपासावी. चर्चेनंतर तिघांनी. कुणी म्हणालं झेरॉक्स नीट येत नाही. कुणी म्हणालं, पेनापेक्षा स्केचपेन बरं. तासभर आम्ही असे शहाणे होत होतो. आमचे फादर नवीन, वयाने लहान, वाडीचे कंगोरे न कळलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घर राहिलं की सोडलं?"

स्केचपेनवाल्याने वही मिटली.

"राहिलं," काका म्हणाले.

"सोडलं," मी म्हणालो. "मी सोडलं. काका 'बघ' म्हणाले आणि मी सोडलं. आणि ग्रुपवर चौतीस जणांनी अंगठे दाखवले, त्यातले नऊ इथेच बसलेत."

मला हे इतक्या जोरात म्हणायचं नव्हतं. काका उठले. आपल्याला भर सभेत असं कुणी बोललेलं नाही, म्हणाले, आणि चपला घालून गेले. त्यानंतर ते चर्चला आले नाहीत. टीव्हीवर मिसा बघतात असं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फादरांना विचारून मूर्ती घेतली आणि एकटाच मावशीकडे गेलो. फेब्रुवारी होता, ऑक्टोबरची वाट बघण्याची माझी छाती नव्हती. मावशी अंगणात बोंबील उलटत होती. मी मूर्ती पुढे केली. मावशी, चुकलो, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "माऊलीला आणलंय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मूर्तीकडे, मग माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"हिला कशाला आणलंस?" ती म्हणाली. "ही काय रुसलीय माझ्यावर? चार महिने माझ्या घरात होती ही. माणसं कुठे हायत?"

"मावशी, चुकलो," मी म्हणालो. तोपर्यंत मी रडत होतो, ते सांगून टाकतो.

"तू चुकलास ते ठाऊक हाय. बाकीचे?"

मूर्ती परत नेली. त्या रविवारी मिसानंतर मी माईकवर उभा राहिलो आणि आम्ही काय केलं ते सांगितलं, गैरसमज वगैरे शब्द न वापरता. काकांचं नाव मात्र घेतलं नाही, ते आधी एकदा घेऊन झालं होतं. संध्याकाळी माऊलीला मावशीकडे न्यायचंय असंही सांगितलं, पण कोण येईल याची खात्री नव्हती. विहिरीपाशी गेलो तर वाडी आधीच उभी, नवे कपडे घालून, अपराधी चेहऱ्याने, एकमेकांकडे न बघता. दारात मावशी होती, मुलगी होती, जावई होता. मूर्ती जावयाने हातात घेतली. घ्यायच्या आधी त्याने चपला काढल्या. ते बघून आम्हीही काढल्या, आणि नंतर अंधारात अर्धा तास ज्याच्या त्याच्या चपला शोधत बसलो.

रोझरी झाली आणि गाण्याची वेळ आली. कुणी मोबाईल काढेना. मावशीने एकदा सगळ्या घरावरून नजर फिरवली, कोण कोण आलंय ते मोजल्यासारखी. मग घसा खाकरला आणि गाणं उचललं. त्या आवाजाने फळीवरचे पेले वाजले. मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

चणे त्या दिवशी तीन किलो होते. पुरले नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरला यादी मीच केली. ठरावाप्रमाणे तिघांनी तपासली. तरी ग्रुपवर टाकण्याआधी मी ती मावशीकडे घेऊन गेलो, थोडा मिरवायलाच. तिचं घर विहिरीनंतर, जाड अक्षरात. तिने चष्मा लावला, एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेली, आणि बोट पुन्हा वर नेलं.

"एक घर राहिलंय," ती म्हणाली.

"कुठलं?"

"काकांचं."

मी म्हणालो, ते येत नाहीत चर्चला. मी म्हणालो, दार उघडतील की नाही कुणास ठाऊक. मी म्हणालो, तुमच्याशी ते असे वागले, आणि वर त्यांच्या दारात जायचं? खरं म्हणजे नाव गाळताना मला बरं वाटलं होतं, अगदी न्याय केल्यासारखं. तपासणाऱ्या तिघांच्या ते लक्षात आलं होतं, आणि तिघेही काही बोलले नव्हते.

मावशीने यादी माझ्या हातात परत दिली आणि बोंबील उलटायला लागली.

"लिही त्याचं नाव," ती म्हणाली. "नायतर माझा घसा बसेल."