दहा मिनिटांची मुभा

आमच्या कंपनीचं पहिलं ऑफिस म्हणजे गॅरेजवरच्या दोन खोल्या. एकीत मालक आणि संगणक, दुसरीत मी, फोन आणि वायरमन. हा वायरमन गाड्यांच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून आमची डबी बसवायचा. डबीला उपग्रहाकडून जागा कळायची आणि आमच्या पडद्यावर गाडीचा हिरवा ठिपका सरकायला लागायचा.

पहिल्याच महिन्यात मालकाने त्याला विचारलं, "ड्रायव्हर किती वेळ थांबला म्हणजे कामचुकार समजायचा?"

वायरमन वायर सोलत होता. वर न बघता म्हणाला, "दहा मिनिटं पुष्कळ झाली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मालकाने तोच आकडा संगणकात घातला. गाडी त्याहून जास्त थांबली की ठिपका लाल, आणि ड्रायव्हरला फोन करायचं काम माझं. तीन वेळा लाल झालेल्या ड्रायव्हरला आमची गिऱ्हाइकं, म्हणजे गाड्यांचे मालक, घरी बसवायला लागली.

कंपनीने बाळसं धरलं. बारा गाड्यांच्या बाराशे झाल्या, मग नऊ हजार. काचेचं ऑफिस आलं, मालकाचे साहेब झाले. वायरमनलाही माझ्या शेजारी खुर्ची मिळाली, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. त्याच वर्षी दादा चालवायचा तो टँकर आमच्याकडे आला. दादा म्हणजे वायरमनचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर दादानेच त्याला वाढवलेलं. खुर्ची सोडून वायरमन खाली गेला आणि टँकरची डबी त्याने हौसेने स्वतः बसवली.

दादाची तीस वर्षांची सवय होती. दुपारी जेवला की सावली बघून गाडी लावायची आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून वीस मिनिटं डुलकी काढायची. पहिल्याच आठवड्यात दोन लाल ठिपके. दोन्ही फोन मीच केले.

संध्याकाळी दादा ऑफिसात आला. "अरे, झोप आली तर माणसानं करायचं काय?"

"तिसरा लागला तर नोकरी जाईल, दादा. थोडे दिवस कळ काढ. मी साहेबांशी बोलतो."

"बोल बाबा. यंत्र तुझंच आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. वायरमन साहेबांशी बोलला. साहेब हसले, "अहो, दहा मिनिटांवरच तर गिऱ्हाईक भाळतं. आणि आकडा तुमचाच ना?" वायरमन परत येऊन खुर्चीत बसला. मला त्याचा राग आला. फोन मीच करत होते, तरी राग त्याचा.

पुढच्या मंगळवारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, दादाचा ठिपका एका वळणावर थांबला.

"टेकला वाटतं," वायरमन म्हणाला. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. "उठ रे दादा, उठ आता."

अकराव्या मिनिटाला ठिपका लाल झाला. मी फोनला हात घातला तर म्हणाला, "राहू द्या. मी करतो."

फोन कुणा परक्या माणसाने उचलला. दादा जेवून न थांबता निघाला होता आणि चालत्या गाडीतच त्याचा डोळा लागला होता. टँकर झाडावर आदळला होता. दादा जागीच गेला. ठिपका हिरवा आहे म्हणून दहा मिनिटं आम्ही दोघं निवांत बसून होतो.

रोजचा अहवाल संगणक आपोआप काढतो. त्या दिवशीच्या कागदावर दादाच्या गाडीपुढे छापलं होतं: विनापरवाना थांबा, तिसरा.

वायरमन महिन्याने कामावर आला आणि त्याने तो कागद मागून घेतला. बराच वेळ वाचत राहिला.

"ताई, दहा मिनिटं असं मीच सांगितलं होतं ना हो?"

नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणाले.