दादांनी फाइल उघडली आहे

धाकटे एकदा नाही म्हणाले की नाहीच. दोघे भाऊ घरांचे नकाशे काढायचे आणि अकरा वर्षांपूर्वी त्यांचं बिनसलं, तेही कॉम्प्युटरवरून. थोरल्यांना लिनक्स हवं होतं, धाकट्यांना विंडोज. "फुकटातलं घेऊन हसं करून घ्यायचंय का?" धाकटे म्हणाले. आठवड्याभरात ऑफिसच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं ते झालंच.

काम मात्र एकच होतं. म्हणून नेटवर्क बघणाऱ्या बाईंनी भिंतीतून एक वायर नेली आणि धाकट्यांच्या कॉम्प्युटरवर दोघांचं एक फोल्डर करून दिलं. थोरल्यांनी नकाशा उघडला की धाकट्यांना तो फक्त बघता यायचा, वर ओळ यायची : "दादांनी ही फाइल उघडली आहे." धाकटे चरफडायचे. पण सकाळी दहाला ती ओळ दिसली नाही तर त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दादांची तब्येत त्यांनी कधी विचारली नाही. ओळ दिसली म्हणजे दादा बरे आहेत, एवढंच त्यांना पुरायचं.

धाकट्यांच्या लेखी दादा अचानक गेले, त्याला महिना झाला. शाळेच्या जिन्याचा अर्धा राहिलेला नकाशा दोन दिवसांत द्यायचा होता. धाकट्यांनी महिनाभरात पहिल्यांदाच तो उघडला. "दादांनी ही फाइल उघडली आहे."

त्यांनी नेटवर्कवाल्या बाईंना बोलावलं. बाई येऊन बघून गेल्या. "कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की अशी खूण मागे राहते. पुसलीय मी."

दुसऱ्या दिवशी दहाला ओळ परत आली. आणि नकाशातल्या जिन्याला काल नव्हती अशी एक पायरी होती.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. धाकटे उठले. अकरा वर्षांत ते त्या दारात गेले नव्हते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला, आणि समोर वहिनी.

"वहिनी, तुम्ही?"

"सवय सुटत नाही, भाऊजी. शेवटचे चार महिने हे अंथरुणातच होते. 'दहाला माझं नाव दिसलं नाही तर तो कासावीस होईल,' म्हणायचे. मला फाइल उघडायला शिकवलं आणि रोज पाठवायचे."

चार महिने धाकटे ती ओळ बघून निश्चिंत बसले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आणि ही पायरी? छान काढलीत."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मला फक्त उघडता येतं. रेघ कुठे मारता येते मला?"

धाकट्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि अकरा वर्षांनी मोठ्याने विचारलं, "दादा, बाकीच्या पायऱ्या मी काढू?"