श्वासनलिकेचा मधला भाग

माणिकपूरच्या शाळेत माझ्या वर्गाच्या दारात कॉलेजचा शिपाई येऊन उभा राहिला, तेव्हा वाटलं, भाऊने पुन्हा काहीतरी मागवलं असेल. "बाई, सर गेले... प्रयोगशाळेतच," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेले?" महिना उलटला, तरी तो मूर्ख प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

भाऊ माझा थोरला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. बोळिंजच्या आमच्या केळीच्या वाडीत चिचुंद्र्यांना तोटा नव्हता, आणि सत्तरच्या दशकात त्याने प्रबंधाला विषयही तोच घेतला: चिचुंद्रीच्या श्वासनलिकेला रक्त कुठून मिळतं? वरच्या टोकाला मानेतून धमन्या येतात, खालच्या टोकाला छातीतून. मग मधल्या भागाचं काय? मेलेल्या चिचुंद्रीच्या धमनीत तो कोमट जिलेटीनमधून लाल रंग सोडायचा. रंग जिथे पोचेल तिथे रक्त पोचत असणार. एकदा मुंबईहून रंग वेळेवर आला नाही, आणि धीर धरेल तो भाऊ कसला! त्याने देवघरातलं कुंकू उचललं. "मेल्या, देवीचं कुंकू चिचुंद्रीच्या नरड्यात?" म्हणत आई उलथनं घेऊन धावली होती. कुंकवाचा रंग सोडला, तर मधला भाग कोराच राहिला, म्हणजे तिथे रक्त पोचतच नाही. भाऊ हरखला, मार्गदर्शकही खूश झाले. नवा शोध!

पण त्याला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा, ओटीवर येरझारा घालायचा... शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, कुंकवाचे कण बारीक धमन्यांच्या तोंडाशीच अडकले होते. मार्गदर्शक म्हणाले, "राहू दे हो, कोण बघतंय?" भाऊने प्रबंधातलं ते प्रकरण परत घेतलं. पदवी राहिली ती राहिलीच. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. एका चिचुंद्रीपायी माणसाने आयुष्य टांगून ठेवावं?

परवा प्रयोगशाळेतलं त्याचं कपाट रिकामं करायला गेले. मागच्या बाजूला एक बाटली होती, तेलात ठेवलेली शेवटची श्वासनलिका. त्या तेलात मांस हळूहळू काचेसारखं आरपार दिसू लागतं, पण त्याला आठवडे लागतात. बाटलीवरच्या चिठ्ठीवर भाऊ गेला त्याच आठवड्याची तारीख होती, आणि खाली त्याच्या अक्षरात, 'या वेळी रंग नीट गाळून.' मी बाटली खिडकीपाशी धरली... वरून आणि खालून आलेल्या लाल रेषा मधोमध एकमेकींना मिळाल्या होत्या. कूर्चेच्या कड्यांमधून केसाएवढे फाटे गेले होते. कुठेच कोरं नव्हतं.

"भाऊ, भरलंय रे!" मी मोठ्याने हाक मारली, आणि तो येईल म्हणून बाटली तशीच उजेडात धरून उभी राहिले.