दुसऱ्या रकान्यातली खूण

आमच्या घरात फॉर्म मी भरतो. लग्नानंतर बायकोच्या पासपोर्टपासून ही सुरुवात झाली. मग कॅनडाचा अर्ज आला, कायम राहायचं पीआर कार्ड आलं, सिटिझनशिप आली, दरवर्षीचा टॅक्स आला, मुलीच्या शाळेचे कागद आले. मी सगळं भरून ठेवायचो आणि जिथे हिची सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचो. ही पोळ्या लाटताना उठून यायची, हात पुसायची आणि विचारायची, "काय आहे हे?" मी म्हणायचो, "वाचायचं काही नाही, फुलीवर सही कर." ती सही करून पोळपाटाकडे परत जायची. शाई वाळली की मी खोडरबरने फुली पुसायचो आणि कागद पाकिटात घालायचो.

आमचा एकही अर्ज आजवर चुकीसाठी परत आला नाही. याचा मला गर्व होता आणि मी तो लपवतही नसे. इथल्या मराठी मंडळातले लोक फॉर्म घेऊन माझ्याकडे यायचे, आणि मी त्यांच्या चुका जरा मोठ्या आवाजातच काढायचो. माझी नोकरीच तशी आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं आणि त्यातली खोट दाखवायची. ऑफिसात याचे पैसे मिळतात, घरी तुम्ही हे फुकट करता, असं बायको म्हणते.

आम्ही कॅनडात व्हिटबी नावाच्या गावात राहतो. माझ्या सासूबाई नागपूरला असतात. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच आहेत आणि बायको त्यांची एकुलती एक मुलगी. आमची मुलगी वॉटर्लूला शिकायला गेली तेव्हा तिची खोली रिकामी झाली आणि बायकोने दुसऱ्याच आठवड्यात ती आईसाठी लावायला घेतली. उंच पलंग काढून बुटका आणला. खिडकीशी देवांसाठी फळी ठोकली. वॉशरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवून घेतले, एक टबाजवळ आणि एक कमोडजवळ. मी म्हटलं, अगं, अजून कशाचा पत्ता नाही. ती म्हणाली, तुम्ही फॉर्म भरलाय ना, मग येईलच की पत्ता.

फॉर्म भरला होता हे खरं. आईवडिलांना इथे कायमचं आणायचं तर आधी नाव नोंदवायचं आणि मग त्या नावांच्या सोडतीत आपलं निघायची वाट बघायची. आमचं निघालं नाही. आईवडिलांना काही वर्षं राहू देणारा सुपर व्हिसा करून बघावा तर त्याला आरोग्यविमा लागतो, आणि सासूबाईंच्या हृदयाचे कागद बघून विमावाल्यांनी हात वर केले. मग बातमी आली की आईवडिलांसाठी नवीन अर्ज सध्या घेणार नाहीत. हे 'सध्या' म्हणजे किती, ते कुणी सांगेना. सासूबाई एक्क्याऐंशीच्या. रोज सकाळी फोनवर त्या लेकीला सांगायच्या, "जावईबापूंनी भरला आहे ना, मग काळजी काहून करते?"

एका सकाळी असा फोन ठेवून बायको माझ्याकडे वळली. "आपला खासदार करतो काय? दरवर्षी मंडळाच्या गणपतीला येतो, कुर्ता घालतो, मोदक खातो, फोटो काढतो. त्याला विचारा की."

मला एवढं पुरे होतं. पार्लमेंटच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराने कधी, कशावर, काय मत दिलं ते सगळं असतं. मी दोन शनिवार त्यात घातले. इमिग्रेशनशी दुरूनही संबंध असलेलं प्रत्येक मतदान शोधलं आणि एक्सेलमध्ये उतरवलं. ठराव काय होता, याने 'हो' म्हटलं की 'नाही', याचा पक्ष काय म्हणाला. बहुतेक ओळींत काही दम नव्हता. पक्ष हो म्हणाला की हा हो, पक्ष नाही म्हणाला की हा नाही. या माणसाला स्वतःचं मत आहे की नाही तेच कळेना. पण शोधता शोधता एक जोडी सापडली. बाहेरून येणाऱ्या लोकांची संख्या कमी करा, अशी सरकारला सूचना करणारा एक ठराव. त्यावर याचं 'नाही'. काही महिन्यांनी शब्द थोडे बदलून जवळजवळ तोच ठराव पुन्हा आला. त्यावर याचं 'हो'. आणि या एका ठिकाणी तो पक्षाच्या विरुद्ध गेला होता.

मला चोर सापडल्याचा आनंद झाला. दोन्ही ओळी पिवळ्या केल्या, रंगीत प्रिंट काढली, बायकोला दाखवली. तिने ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. बायको एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला असते, ती कधी उगाच सुटी घेत नाही. त्या शुक्रवारी तिने अर्धा दिवस घेतला आणि आईने पाठवलेली जांभळी साडी नेसू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, खासदाराकडे चाललोय, लग्नाला नाही. ती साडीच नेसली, वरून विंटर जॅकेट घातलं.

खासदाराचं ऑफिस एका प्लाझात पिझ्झाच्या दुकानाशेजारी आहे. आत एक असिस्टंट बाई कॉम्प्युटरपाशी होती. खासदार स्वतः उठून आला, बायकोला नमस्ते म्हणाला, कॉफी विचारली. माणूस वाईट नाही, हे मी इथे लिहिलं पाहिजे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी प्रिंट टेबलावर ठेवली आणि पिवळ्या ओळींवर बोट टेकवलं. "सर, सेम मोशन. फर्स्ट टाइम यू सेड नो. सेकंड टाइम, येस. व्हॉट हॅपन्ड इन बिटवीन?"

त्याने चष्मा लावून कागद पाहिला. मला वाटलं, आता सारवासारव करेल. तो म्हणाला, चांगला प्रश्न आहे. मग त्याने समजावून सांगितलं. हे ठराव म्हणजे कायदा नव्हे. कुणाला किती घ्यायचं ते मंत्री ठरवतात, आईवडिलांचे अर्ज बंद करण्यावर तर पार्लमेंटमध्ये मतदानच झालं नाही. पण सगळीकडून कमी करा, कमी करा असा आवाज आला की ती कपात कुठून तरी होतेच. म्हातारी माणसं ना कॉलेजची फी भरत, ना कारखान्यात कामाला येत.

"यू स्टिल डिडन्ट टेल मी व्हाय यू चेंज्ड," मी म्हटलं. मी असाच आहे, धरलं की सोडत नाही.

"आय आस्क्ड पीपल," तो म्हणाला. "एव्हरी हाउस गॉट अ कार्ड. मोस्ट पीपल रोट बॅक, कट इट."

"नोबडी आस्क्ड अस," बायको म्हणाली. त्या ऑफिसात ती पहिल्यांदाच बोलली.

असिस्टंटने आमचा पत्ता विचारून टाईप केला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला वाटलं असेल की मदतच होईल. "ओह, यू डिड रिप्लाय," ती म्हणाली. "टू रिस्पॉन्सेस फ्रॉम युअर होम. थँक यू फॉर दॅट." आणि तिने मॉनिटर आमच्याकडे वळवला.

दोन ओळी होत्या. पहिलीत माझं नाव, दुसरीत बायकोचं. दोन्हींपुढे एकच उत्तर, संख्या कमी करा. खाली शेरा होता, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, जसा मी लिहितो तसा. आधी घरं आणि हॉस्पिटलं नीट करा. काही वर्षं सगळं बंद ठेवा. पुरे झालं.

मला ते कार्ड तिथे उभ्या उभ्या आठवलं. विंटरमधला रविवार होता. शेजारचं घर एका मालकाने भाड्याने दिलेलं. त्याच्या बेसमेंटमध्ये सहा-सात विद्यार्थी राहायचे, सगळे आपल्याकडचेच. कचऱ्याचे डबे चुकीच्या दिवशी बाहेर, गाड्या रस्त्यावर, दारातला बर्फ कुणी फावड्याने काढायचं नाही. त्या सकाळी त्यांच्यातल्या एकाची गाडी आमच्या ड्राइव्हवेसमोर आडवी. मी जाऊन हिंदीत भांडून आलो, बूट न काढता किचनमध्ये आलो आणि टेबलावर ते कार्ड पडलेलं दिसलं. त्यावर दोन रकाने होते, एक घरातल्या पहिल्या माणसासाठी आणि एक दुसऱ्यासाठी. पहिल्यात माझं नाव घालून खूण केली. दुसरा रिकामा राहिला तर फॉर्म अर्धवट वाटतो, म्हणून दुसऱ्यातही बायकोचं नाव घालून केली. बायको खाली बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन लावत होती. हाक मारली असती तर वर आली असती. यावर सही लागत नव्हती, त्यामुळे फुली मारायचाही प्रश्न आला नाही. खासदाराला पत्र पाठवायला तिकीट लागत नाही, याचं मला बरं वाटलं होतं एवढं लक्षात आहे. कार्ड कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि विसरून गेलो.

'सगळं बंद ठेवा' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी होती. सासूबाई नव्हत्या. पण कार्डावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

बायको पुढे वाकून स्क्रीन वाचत होती. सावकाश, एकेक शब्द. माझ्या हातचं काही तिने एवढं नीट वाचताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग ती असिस्टंटला म्हणाली, "कॅन यू चेंज माइन?"

"ऑफ कोर्स." तिने दोनदा क्लिक केलं. "डन."

"बट द व्होटिंग इज ओव्हर?"

"येस," खासदार म्हणाला. "आय अॅम सॉरी."

ती उठली, दोघांना थँक यू म्हणाली आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. माझी प्रिंट टेबलावरच राहिली. मी ती मागायला गेलो नाही. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं, छप्पन्नाव्या वर्षी.

 परतताना घराच्या वळणावर शेजारचं घर आलं तेव्हा ती गाडीत म्हणाली, "ती पोरं मलाही नकोशीच झाली होती. मला विचारलं असतं तर मीसुद्धा कदाचित तेच म्हटलं असतं."

मी जरा सुटल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"पण विचारलं असतं तर मला आई आठवली असती," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. मी चहा गाळत होतो, स्पीकर चालू होता.

"भेटले का जावईबापू खासदाराला?"

"भेटले."

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला, आई."

"मग झालं. त्यांनी मनावर घेतलं म्हणजे काम होते."

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला तिने कधीच काही सांगितलं नाही. मी मात्र तेव्हापासून तोच हिशेब करत बसतो. हजारो कार्डांत आमची दोन. ती वेगळी असती तरी खासदाराने तेच मत दिलं असतं, त्याने दुसरं दिलं असतं तरी ठरावाचं व्हायचं ते झालं असतं, आणि ठरावाचं काहीही झालं असतं तरी मंत्र्याने करायचं तेच केलं असतं. तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने इथे माझी चूक सिद्ध होत नाही. हे मी बायकोला एकदा समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "हो, बरोबर आहे." आणि कपडे वाळत घालायला खाली गेली. माझ्या हिशेबाचा काही उपयोग नव्हता.

मार्चमध्ये सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बायको महिनाभर नागपूरला राहून आली. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं ठेवू नका, आणि इथे आणायची काही वाट नव्हती. तिच्या चुलतभावाने वर्धा रोडला एक वृद्धाश्रम शोधला, चांगला स्वच्छ. त्यांनी प्रवेशाचा फॉर्म ईमेलने पाठवला.

तो बायकोने प्रिंट केला आणि स्वतः भरला. दोन संध्याकाळी लागल्या. मी समोर सोफ्यावर होतो. तिने मला एका शब्दाने काही विचारलं नाही आणि विचारावं असं म्हणायला मला तोंड नव्हतं. रविवारी सकाळी तिने कागद माझ्यापुढे आणून ठेवला. दुसऱ्या जबाबदार नातेवाइकाच्या सहीची जागा होती आणि तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली होती.

मी चष्म्याकडे हात नेला.

"वाचायचं काही नाही," ती म्हणाली. "फुलीवर सही करा."

तरी मला एक ओळ दिसलीच. मुक्काम, तात्पुरता की कायमचा. तिने 'कायमचा'पुढे खूण केली होती.

मी सही केली. ती शेजारी उभी राहिली, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मग खोडरबर घेऊन फुली पुसून टाकली.