पोहता येतं का?

बीडच्या स्टँडसमोर एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं सहलींचं दुकान आहे. नेकनूरची बस लागेपर्यंत मी तिथेच बसतो. टेबलाच्या काचेखाली अंदमानचा नकाशा आहे. गिऱ्हाईक आलं की त्याची पेन्सिल बेटांवर फिरते. “हॅवलॉक मोठं हाय, हॉटेलं लई. नील बारकं, सायकलवर पालथं घालावं. पोहता येतं का?”

नाही म्हणणाऱ्याला तो कुठेही पाठवतो. हो म्हणणाऱ्याला विचारतो, “कुठं शिकलात?”

यंदा आम्हा नवराबायकोलाच जायचं होतं. “विहिरीत शिकलो,” मी ऐटीत सांगितलं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. “मग समुद्राचं नाव काढू नका. उटीला जावा.”

“धंदा करताय की चेष्टा?” मी चिडलो.

त्याने टेबलाखालून दोरी बांधलेला, गंजलेला तेलाचा डबा काढला. आमच्याकडे पोहायला शिकवताना पाठीला असाच रिकामा डबा बांधून पोरांना विहिरीत सोडतात.

“लग्न झाल्यावर पोराला मीच धाडलं तिकडं. सून एकलीच परत आली.” तो दोरीची गाठ चाचपत राहिला. “ल्हानपणी इहिरीत शिकवताना आठव्या दिवशी म्याच सोडलता हा डबा त्याच्या पाठीवरून. म्हणलं, आता तुला पाण्याचं भ्या न्हाई.”