उलटा व्हॉल्व्ह
असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कारखान्यात काय काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करून ठेवणं, हेच माझं काम. त्यात देव, भूत वगैरे मी कधी धरलेच नाहीत.

गोष्ट साठच्या दशकातली. नवी मुंबई नव्हती तेव्हा. महाप्याजवळ एका केमिकल फॅक्टरीत मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होतो. रिअ‍ॅक्टरला, म्हणजे रसायन शिजवायच्या मोठ्या बंद भांड्याला, वाफ देणारा व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालायचा. हवा गेली तर तो आपोआप बंद व्हायला हवा — एवढं साधं! पण आलेला व्हॉल्व्ह नेमका उलटा, हवा गेली की सताड उघडणारा. मी तीन पत्रं लिहिली. मॅनेजरसाहेबांचं एकच, "अहो, कॉम्प्रेसर नवाकोरा आहे. हवा जाईलच कशाला?" डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

आणि एका दुपारी कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला, हवा गेली...

रिअ‍ॅक्टरला लागून आमचा ऑपरेटर हिराजी उभा होता, शेजारच्याच गावचा. आता वाफ घुसणार, भांडं फुटणार, हिराजी जाणार... मी ओरडत धावलो. आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्हचा दांडा खाली गेला. बंद! हिराजी हात जोडून उभा.

"गावदेवीला हाक मारली, सायेब."

मॅनेजरसाहेबही धावत आले. साहेब काय म्हणाले असतील? "बघा, होतो ना बंद? उगाच घाबरवता!" आता बोला! पट्टा बदलून लगेच प्लांट सुरू करायचा हुकूम सुटला.

हिराजी हलेना. "आदी व्हॉल्व बदला. मंगच हात लावीन."

"अरे, तुझी देवी आहे ना?" साहेब हसले.

"हाय ना. एकदा हाक मारली, आली. म्हनून रोज तिलाच ड्युटीवर ठेवायची काय?"

बाकीचे ऑपरेटरही त्याच्याबरोबर बसले. आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला. माझ्या तीन पत्रांना जे जमलं नाही ते या माणसाला जमलं, याचा आनंद मानावा की राग, तेच कळेना.

जुना व्हॉल्व्ह मी वर्कशॉपमध्ये टेबलावर घेतला. हवा तोडली, उघडला. परत तोडली, परत उघडला. असं दहा वेळा. अकराव्या वेळी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, मीही हळूच गावदेवीला हाक मारली.

उघडलाच.

त्या दुपारच्या रिपोर्टमधला 'कारण' हा रकाना मी रिकामा सोडला. आजही त्यात काय लिहावं, मला माहीत नाही.